जळालेली संहिता
सारायेवोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पुन्हा उभारलेल्या वास्तूची छायाचित्रे पाहून आम्हांला आनंद झाला; मग त्या आनंदाचाच संकोच वाटला. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री, शहराला वेढा घालून बसलेल्या सर्ब सैन्याने या ग्रंथालयावर आग लावणारे तोफगोळे डागले. सुमारे १५ लाख ग्रंथांपैकी फारच थोडे वाचले. गोळीबारातही ग्रंथपालांनी व नागरिकांनी साखळी करून हाती लागतील ती पुस्तके बाहेर काढली. आइदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्या वेढ्यात मारली गेली. २०१४ मध्ये वास्तू पूर्ववत झाली. पण ज्यांची दुसरी प्रतच नव्हती, ती हस्तलिखिते कोठून आणणार? लेखक जातो, संहिता उरते, असे आम्ही वर्गात सहज सांगत आलो. सारायेवोनंतर ते वाक्य आम्हांला तितक्या सहजतेने उच्चारता येत नाही.