टेम्पोताई

घाट कसा चढता, असं सायकलवाल्यांना सगळेच विचारतात. कसा उतरता, हे कुणी विचारत नाही. माझी बोंब नेमकी तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी आंबेनळी घाटात, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना एका वळणावर खडीवरून चाक सटकलं. महाडला एक्स-रे, कॉलरबोनचे दोन तुकडे, सहा आठवडे गळ्यात हात. हाड जुळलं, पण भीती बसली ती बसलीच. मग मी घाट चढायचे आणि येताना सायकल टेम्पोत टाकायचे. ग्रुपने माझं बारसंच केलं, टेम्पोताई!

त्या सहा आठवड्यांत यूट्यूबवर ॲनेमीक व्हॅन व्ल्यूटेन सापडली. नेदरलँड्सची. साथरोगशास्त्रात मास्टर्स, ऑफिसात नोकरी, म्हणजे आपल्यातलीच. रेसिंगला लागली पंचविशीत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या उतारावर ती सगळ्यांच्या पुढे होती. एक वळण चुकलं आणि काँक्रीटच्या कडेवर आदळली. मणक्यात तीन फ्रॅक्चर्स. गोल्ड तिच्याच टीममधल्या ॲना व्हॅन डर ब्रेगेनने नेलं.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, विचारू नका. पण पुढचं जास्त भारी आहे. पुढच्याच वर्षी ती टाइम ट्रायलची वर्ल्ड चॅम्पियन झाली. २०१९ मध्ये यॉर्कशरला शंभराहून जास्त किलोमीटर एकटीने पुढे राहून रोड रेस जिंकली. एकटीने म्हणजे उतारही एकटीनेच की! टोकियोत, २०२१ मध्ये, तर कहरच. ऑलिम्पिकच्या रेसमध्ये कानात रेडिओ नसतो, पुढे कोण आहे ते कळत नाही. हिने हात उंचावून फिनिश लाइन ओलांडली आणि मग समजलं, ऑस्ट्रियाची ॲना किसेनहोफर केव्हाच पोचलीय. असा जगासमोर पोपट झाल्यावर मी तर रजा टाकली असती. हिने तीन दिवसांनी टाइम ट्रायलचं गोल्ड घेतलं. २०२३ मध्ये रिटायर झाली.

गेल्या जानेवारीत वाडा कुंभरोशीला मी टेम्पोवाल्या काकांना म्हटलं, ‘‘सायकल नका टाकू. फक्त मागे मागे या.’’ ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. नजर दरीकडे नाही, जिथे जायचंय तिथे. एवढंच पुटपुटत उतरले. दोनदा थांबले, एकदा चक्क रडले. एक लाल डबाही मला ओव्हरटेक करून गेला, आता बोला!

पोलादपूरला पोचले तेव्हा ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली होती. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. काकांनी घड्याळ बघितलं.

‘‘ताई, टेम्पोचं भाडं मात्र पूर्ण लागेल हां.’’