वावरातले प्लॉट

वऱ्हाडातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचे मोल ती पिकते किती, यावर ठरवीत आला; गावाच्या कडेला पडलेल्या नव्या लेआउटमध्ये मात्र तीच जमीन रस्त्याला किती फूट लागते, कोपऱ्याची आहे की आतली, पूर्वमुखी आहे की पश्चिममुखी, यावर विकली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याचे जानेफळ हे मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव असून, पंढरपूरहून शेगावला परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी याच गावावरून पुढे शिर्ला नेमानेकडे जाते. अशा गावांत घर बांधण्याची ओढ आता गावठाणातून, म्हणजे महसूल दप्तराने वस्तीसाठी निश्चित केलेल्या जुन्या हद्दीतून, बाहेर पडून रस्त्याच्या दिशेने सरकते. आणि ज्या वावरात काल सोयाबीन आणि तूर उभी होती, तिथे प्लॉट पडतात.

हे स्थित्यंतर डोळ्यांना फार थोड्या खुणांतून दिसते. सोयाबीनची सोंगणी झालेल्या रानात खुंट अजून पायाला टोचत असतात, आणि त्यांच्यावरूनच पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेषा ओढलेल्या असतात. कोपऱ्याकोपऱ्यावर आकडा रंगवलेला दगड रोवलेला असतो, आणि मधोमध मुरमाचा एक पट्टा टाकून त्याला रस्ता म्हटलेले असते. धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, पूर्वी बाभळीच्या ओळीवरून ओळखू येई आणि त्याच्या वीतभर सरकण्यावरून भाऊबंदांत वर्षानुवर्षे दावे चालत. त्या धुऱ्याची जागा आता तारेचे कुंपण घेते, तंटा मात्र तोच राहतो.

गाव तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणते, तेव्हा ते क्षेत्र दीड हजार चौरस फूट भरते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि एकर चाळीस गुंठ्यांचा असल्याने हा प्लॉट दीड गुंठ्याहूनही लहान असतो. एवढ्या लहान क्षेत्राची शेतजमीन म्हणून खरेदी करणे कायद्याला मानवत नाही, कारण जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा १९४७ चा अधिनियम, ज्याला लोक तुकडेबंदी म्हणतात, शेती परवडेल एवढे किमान क्षेत्र ठरवून त्याखालील व्यवहारांना आडकाठी करतो. त्याच्या अटी शासनाने वेळोवेळी सैल केल्या असल्या, तरी मंजूर नकाशाशिवाय पाडलेल्या प्लॉटची जोखीम त्यामुळे संपत नाही. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्याच्या, व्यवहारात घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा हक्क आणि तिच्यातील पीक नोंदवणाऱ्या उताऱ्यावर, इतर सामाईक खातेदारांच्या ओळीत लागते. पण त्याचा तुकडा नेमका कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे तो उतारा सांगत नाही. कागदावर मालकी आहे आणि जमिनीवर जागा नाही, अशी ही स्थिती इतकी पसरली की राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्यासाठी वेगळा अधिनियम करावा लागला.

रीतसर लेआउटचे स्वरूप याहून वेगळे असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीचा वापर अकृषिक झालेला असतो, ज्याला बोलीत ‘एन.ए.’ म्हणतात, रस्ते, नाल्या आणि मोकळी जागा मंजूर नकाशात दाखवलेली असते, आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रात ही मोकळी जागा साधारणपणे दहा टक्के ठेवावी लागते. हाच भाग पुढे सर्वांत आधी विसरला जातो; कुणाची कडब्याची गंजी, कुणाचा ट्रॅक्टर, मग एखादे टिनाचे शेड अशा क्रमाने तो सर्वांचा न राहता कुणाचाच राहत नाही. नियोजन क्षेत्रात पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठांहून अधिक प्लॉट विकणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली महारेरा या प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, हेही जाहिरातीच्या फलकाखाली उभे राहणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कागदाइतकीच माती बोलकी असते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत हाताची बोटे सहज जातात, आणि जी माती कपाशीच्या मुळाला ओल पुरवते, तीच उथळ पायाच्या भिंतीला तडे देते. म्हणून जाणता गवंडी काळी माती खणून खालच्या मुरमापर्यंत पाया नेतो, आणि जाणता घेणारा प्लॉटची पाहणी भर पावसात करतो, कारण पाणी कुठून येते, कुठे साचते आणि नाल्याची जुनी वाट कोणती, हे नकाशावर न दिसणारे सत्य आषाढात आपोआप दिसते.

गावठाणातले घर भावकीच्या आणि आळीच्या ओळखीवर उभे असे. त्याला मिळकत पत्रिका देण्यासाठी ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. लेआउटमध्ये क्रम उलटा असतो: कागद आधी येतो आणि शेजार नंतर. शिक्षक, निवृत्त जवान, पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाचे वडील असे वेगवेगळ्या आळ्यांतले लोक प्लॉटच्या आकड्याने एकमेकांना ओळखू लागतात, आणि पहिल्या घराला वीज व नळ मिळेपर्यंत बाकीचे प्लॉट गवताखाली वाट पाहतात. आयुष्यभराची बचत ज्यात घालायची, ती वस्तू विकत घेताना अजून पुरती अस्तित्वातच नसते. म्हणून तिच्यावरचा विश्वास दलालाच्या शब्दावर सोडून चालत नाही.

तेव्हा इसार देण्यापूर्वी सातबाऱ्यावरील भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्कांतील बोजा वाचावा, मंजूर नकाशाची प्रत स्वतः मिळवावी, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीच्या खुणा दगडांशी ताडून पाहाव्यात, आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.