पुन्हा पाहिल्यास ओळखेन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. मी लिफ्टने जायचे ठरवले होते. पण कोर्टाची लिफ्ट बंद होती, आणि तीन मजले चढेपर्यंत माझ्या अंगात असलेले-नसलेले सगळे शहाणपण घामावाटे निघून गेले.

तसा मी गरीब माणूस. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वीस वर्षे काउंटरच्या जाळीआडून जग पाहतो आहे. २०१९ साली एका इसमाने एका आजींच्या खात्यातून खोट्या सहीच्या स्लिपवर अठरा हजार रुपये काढले, आणि ते मोजून, वर रबरबँड लावून त्याच्या हातात देणारे हात माझे होते. छतावरच्या कॅमेऱ्याने त्या दिवशी इमानेइतबारे फक्त पंख्याचे चित्रण केले होते.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. सवयीने मी पेन काढून विचारले, "सही कुठे करू?"

"करायची नसते," हवालदार म्हणाले.

माझ्या सबंध नोकरीत सहीशिवाय पुरे झालेले हे एकमेव काम. जबाबाच्या शेवटी एक वाक्य होते : 'सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखेन.' मी तसे म्हणालो होतो की ते आपोआपच उमटले, आता आठवत नाही.

पाच वर्षांनी समन्स आले. सौ. म्हणाली, "शेजारी कुणी विचारलं तर 'साक्षीदार' हा शब्द तेवढा मोठ्यांदा उच्चारा." समन्सवर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे त्या इसमाचे नाव. म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका बाजूला सव्वाअकरा कोटी माणसे आणि दुसऱ्या बाजूला एकटा तो! आणि सव्वाअकरा कोटींच्या वतीने पुढे कोण? तर मी.

सरकारी वकिलांची खोली आमच्या लॉकररूमएवढी. एक टेबल, दोन खुर्च्या, तिसरी खुर्ची फायलींना दिलेली. सरकारी वकील म्हणजे बाई होत्या, सातारकडच्या. त्यांच्यापुढे त्या दिवशीच्या केसेसचा ढीग आणि दारात उभी मुंबई. एक पंच गुजराती, एक वॉचमन नेपाळी, मारामारीतला एक जखमी भोजपुरी, आणि आमच्या आजी तेलुगू. बाई प्रत्येकाशी त्याच्या-त्याच्या हिंदीत बोलत होत्या. मध्येच पुकारा झाला की कोर्टात पळायच्या आणि परत येऊन अर्धे राहिलेले वाक्य पुरे करायच्या. आमच्याकडे 'लंच टाइम'ची पाटी असते. इथे पाटी नव्हती आणि लंचही दिसला नाही.

मी आपला बँकेच्या हिशेबाने विचारले, "मॅडम, तुम्ही पोलिसांच्या वकील ना?"

"नाही. पूर्वी खालच्या कोर्टात पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्यूटर असायचे. १९७३ च्या संहितेनं ते बदललं."

"मग आजींच्या?"

"त्यांच्याही नाही. शासनाची. हा जबाब वाचून घ्या."

मी वाचला. शेवटच्या वाक्यापाशी घसा कोरडा पडला. कारण मघाशी जिन्यात पैरवीच्या हवालदारांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितले होते, "साहेब, काळजी नको. पिंजऱ्यात एकटाच असतो. बोट दाखवायचं, झालं." समोरच्या बाकावर आजी बसल्या होत्या, नऊवेळा घडी घातलेले पासबुक मुठीत धरून. त्या पैशांतून त्यांना मोतीबिंदू काढायचा होता.

मी हळूच म्हणालो, "मॅडम, खरं सांगू? मला त्याचा चेहरा आठवत नाही. दिवसाला दीडशे चेहरे येतात. नोटा आठवतात, सगळ्या पाचशेच्या होत्या."

आता बाई चिडणार, असे वाटले. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"ओळखत असाल तर बोट दाखवा. नसाल तर हात खिशात ठेवा."

"पण मग मी फितूर...?"

"विसरणं वेगळं आणि फिरणं वेगळं. मला अक्षरतज्ज्ञाचा अहवाल आहे, मुद्देमाल आहे. तुमच्या खोट्या बोटावर मला केस उभी करायची नाही. चुकीचा माणूस आत गेला, तर ती पण माझीच केस असते." एवढे बोलून त्या पुकाऱ्याला धावल्या.

कलम मात्र जुनेच, ४२०. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तीत फसवणुकीला ३१८ वे कलम आहे. पण गुन्हा आधीचा, म्हणून आमचा इसम शेवटच्या अस्सल चारसोबीसांपैकी. 'अरे तीनशेअठरा!' अशी शिवी रुळायला दोन पिढ्या जातील.

पिंजऱ्यात मी उभा राहिलो. बाईंनी विचारले. मी स्लिप ओळखली, शिक्का ओळखला. माणूस ओळखला नाही. हात खिशात घट्ट धरून ठेवला होता.

मग आरोपीचे वकील उठले.

"सही तेलुगूत आहे. तेलुगू वाचता येतं?"

"नाही."

"मग जुळवलीत कशी?"

"चित्र जुळवतो तशी."

कोर्ट हसले.

"नीट जुळवली होती?"

आता इथे 'होय' म्हटले असते तर नोकरीला झळ नव्हती. बाईंकडे पाहिले, त्या फायलीत बघत होत्या. मागच्या बाकावर आजी.

"ओझरती पाहिली. रांग मोठी होती," मी म्हणालो.

दुभाष्याने ते आजींना पुढे कधीतरी सांगितले असावे. मला बँकेकडून स्पष्टीकरण मागवणारा कागद आला, त्याला मी उत्तर दिले आहे. निकाल अजून लागायचा आहे.

पुढच्या महिन्यात आजी काउंटरवर आल्या. स्लिप पुढे सरकवली आणि मी काही करायच्या आत जाळीतून बोट घालून आपल्या सहीवर ठेवले. एकेक अक्षर दाखवून त्याचा उच्चार केला आणि माझ्याकडून म्हणवून घेतला. मागची रांग ओरडत होती. आजींनी तिकडे बघितलेसुद्धा नाही.

तीन अक्षरे मला आता वाचता येतात. चौथे जरा अवघड आहे. ते पुढच्या महिन्यात.