भिंतीवरची अक्षरे

संहिता आणि आपण यांच्यात थोडे अंतर राखावे, असे समीक्षेच्या तासाला मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. जेफ व्हॅन्डरमीअर या अमेरिकी लेखकाची 'अ‍ॅनायहिलेशन' (२०१४) ही कादंबरी वाचल्यापासून मात्र ते वाक्य उच्चारताना मी अडखळते.

'एरिया एक्स' हा समुद्रकाठचा निर्मनुष्य प्रदेश. तेथे शिरणाऱ्या सजीवांचे रूप पालटते. बाराव्या मोहिमेवर चार स्त्रिया तेथे जातात. त्यांना नावे नाहीत, केवळ पेशे आहेत. निवेदक जीवशास्त्रज्ञ आहे. निरीक्षण हाच तिचा स्वभाव, माणसांपेक्षा डबक्यातले जीव तिला जवळचे. जमिनीत खोल उतरणाऱ्या एका गोल बांधकामाला इतर जणी बोगदा म्हणतात, ती मात्र मनोरा म्हणते. त्याच्या आतल्या भिंतीवर शब्द उगवलेले आहेत. उगवलेले म्हणायचे, कारण ती अक्षरे बुरशीसारख्या जिवंत द्रव्याची आहेत. वाचण्यासाठी ती जवळ वाकते आणि अक्षरांतून उडालेले बीजाणू श्वासावाटे तिच्या आत जातात.

येथून ती दूषित साक्षीदार ठरते. पण मोहिमेतील मानसशास्त्रज्ञ संमोहनाने साऱ्यांना ताब्यात ठेवते, तो ताबा तिच्यावरून सुटतो तो यामुळेच. मनोरा दगडाचा नसून सजीव आहे, हे तिला आता दिसू लागते. जवळ वाकण्याची किंमत तिने मोजली आहे. न वाकता हे दिसलेही नसते.

तरीही एक वाचन ती लांबवत राहते. तिचा नवरा अकराव्या मोहिमेवर गेला होता. एके दिवशी तो अचानक घरी परतला, पण तो पूर्वीचा उरला नव्हता, आणि काही महिन्यांत कर्करोगाने गेला. त्याची रोजनिशी तिला दीपगृहातल्या वह्यांच्या ढिगात सापडते. ती तिने लगेच उघडत नाही. अखेरीस उघडते, तेव्हा त्यातले बरेचसे आपल्यालाच उद्देशून लिहिलेले आहे, हे तिला कळते.

या प्रसंगाशी मी पुस्तक मिटले. माझ्या वडिलांच्या तीन रोजनिश्या आमच्या ट्रंकेत आहेत. ते प्राथमिक शिक्षक होते. त्या मी वाचलेल्या नाहीत असे नव्हे. एका लेखासाठी मी त्या चाळल्या होत्या. बोलीतले शब्द, जुने शुद्धलेखन, त्या काळचे भाव, असे सारे पेन्सिलीने टिपले होते. त्या रात्री पुन्हा ट्रंक उघडली. मी एम. ए.साठी घर सोडले त्या दिवसाच्या पानावर माझीच खूण होती : 'एस. टी. भाडे'. त्या आकड्याच्या वरच्या ओळीत वडिलांनी लिहिले होते, "तिला स्टँडवर सोडले. तिने मागे वळून पाहिले नाही. बरे झाले."

ती ओळ मी तेव्हा पाहिली असणारच, कारण खूण तिच्या लगत आहे. पाहिली, पण वाचली नाही. अंतर राखण्याचे मला शिकवले गेले होते आणि ते मी चोख राखले.

विद्यार्थ्यांना काय सांगावे, हे अद्याप ठरलेले नाही. अंतर नसेल तर समीक्षा होत नाही, हे आजही मला मान्य आहे. यंदा एवढेच केले, की नेहमीचे वाक्य सांगून झाल्यावर लगेच फळ्याकडे वळले नाही.