सातबाऱ्यावरच्या तारखा

संपादकांनी विषय दिला तो असा: ऑफिसच्या कामात कंप्यूटर जो रोजचा त्रास देतो त्याबद्दल, सगळ्यांना कळेल असं लिहा. कळेल असं लिहायचा प्रयत्न करते. पण गेल्या पावसाळ्यात हाताखालून गेलेलं एक काम अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

मालवण तालुक्यातलं एक मोठं कुटुंब. जमीन आजोबांच्या नावावर, वारस गावात, मुंबईत आणि दुबईत पांगलेले. आपल्याकडे जमीन ओळखली जाते ती सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांवरून, आणि तुकडे इतके बारीक की एकेका घराचे पन्नास-साठ हिस्से सहज निघतात. वाटपाआधी सगळ्यांची मिळून एक यादी करायचं ठरलं. अर्धी यादी थोरल्या काकांच्या मुलाने गावच्या लॅपटॉपवर भरली, उरलेली दुबईच्या पुतण्याने. सर्व्हे पाच, हिस्सा दोन असेल तर ‘५/२’, आपण कागदावर लिहितो तसंच. दोन्ही याद्या एका फाइलीत आल्या तेव्हा त्या कॉलमात हिस्से नव्हतेच. ५ फेब्रुवारी, १२ मार्च, ७ ऑगस्ट अशा नुसत्या तारखा होत्या. काका फाइल घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, “व्हायरस इलो हा गो. तेवढो काढून दी.”

व्हायरस नव्हता. एक्सेलला तारखेत बसतील अशा दोन आकड्यांच्या मध्ये तिरकी रेघ दिसली की तो ती तारीख धरतो. खुद्द ‘७/१२’ टाइप करून बघा, ७ डिसेंबर होईल. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. तारीख म्हणून जे दिसतं ते सेलमध्ये साठलेलं नसतंच. साठतो तो एक आकडा. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तिथून मोजलेले दिवस. त्या हिशेबाने ५ फेब्रुवारी २०२४ म्हणजे ४५३२७. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच ठेवली.) म्हणून कुणीतरी सांगतं ‘फॉरमॅट टेक्स्ट कर’, तसं करायला जावं तर ५/२ परत येत नाही, ४५३२७ येतो, आणि माणूस आणखी घाबरतो. तुम्ही टाइप केलेलं ५/२ एंटर दाबल्याक्षणीच गेलेलं असतं. ते फाइलीत कुठेही शिल्लक नसतं.

काकांच्या फाइलीत याहून वाईट होतं. गावच्या लॅपटॉपवर तारखेची भारतीय पद्धत होती, आधी दिवस मग महिना. दुबईच्या लॅपटॉपवर अमेरिकन, आधी महिना मग दिवस. गावात ५/२ टाइप केलं, त्याची ५ फेब्रुवारी झाली. दुबईत २/५ टाइप केलं, त्याचीही ५ फेब्रुवारीच झाली. सर्व्हे पाचमधला दुसरा हिस्सा आणि सर्व्हे दोनमधला पाचवा, दोन वेगळ्या जमिनी, कदाचित गावाच्या दोन टोकांना, आणि दोन्हींचा आकडा एकच. कुठली ओळ कुणी भरली याची नोंद कुणी ठेवली नव्हती आणि वर फाइल दोनदा सॉर्ट केलेली. आतून उलगडा करण्याचा कुठलाही मार्ग उरला नव्हता. शेजारच्या कॉलमात क्षेत्र होतं, ते सातबाऱ्याच्या उताऱ्यांशी ओळीओळीने ताडून पाहिलं आणि बरीच यादी परत उभी केली. जिथे दोन तुकड्यांचं क्षेत्रही सारखंच निघालं तिथे मी हात टेकले आणि काकांना सांगितलं, “काकानू, ह्याचा उत्तर कागदार गावतला, फायलीत नाय.” तशी जागा मोकळी सोडून, पिवळी करून दिली. अंदाजाने भरली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि वाटपपत्रात तीच चूक कायम झाली असती.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. टाइप करण्याआधी अख्खा कॉलम निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करायचा. आधी. नंतर केलेल्याचा उपयोग शून्य. नाहीतर प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. आणि एक कळकळीची विनंती: सगळे सेल ‘सेंटर’ करू नका. एक्सेल आकडे आणि तारखा उजवीकडे लावतो, मजकूर डावीकडे. ‘५/२अ’ डावीकडे आणि ‘५/२’ उजवीकडे दिसलं की जाणत्या नजरेला तिथेच कळतं. पण शीट देखणं दिसावं म्हणून पहिलं काम कुठलं होतं, तर सगळं मधोमध. धोक्याची खूण आपणच पुसून टाकतो.

ही फक्त आपल्या गावची अडचण आहे असं समजू नका. मार्च-१, सेप्ट-१ अशा धर्तीची नावं असलेली माणसाची जनुकं शास्त्रज्ञांच्या याद्यांत अशाच तारखा होत होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं बदलली गेली. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये असे आपोआप होणारे काही बदल बंद करायची सोय दिली, पण ती अक्षर-आकडा जोडून लिहिलेल्या नावांसाठी, सुरुवातीच्या शून्यांसाठी आणि लांब आकड्यांसाठी. तिरक्या रेघेतल्या हिस्सा नंबराला तिचा उपयोग नाही.

लांब आकड्यांचं थोडक्यात सांगते. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक असतो. खातेक्रमांक सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, तोही गुपचूप. तौक्ते वादळानंतर, २०२१ मध्ये, नुकसानीच्या याद्या जागोजागी भरल्या जात होत्या. तेव्हा माझ्याकडे आलेल्या एका यादीत शून्याने संपणारे सोळा आकडी क्रमांक एकाखाली एक होते. आयएफएससी कोडात पाचव्या जागी नेहमी शून्य असतं, तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप केलेला तर आजही दर यादीत भेटतो.

आता माझा खरा विषय, ज्याबद्दल या भागात मी एकटीच भांडत असते असं वाटतं. आपल्या किनाऱ्यावर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्यावाचून एक दिवस जात नाही. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, आचऱ्याला, मसुऱ्यात, सातबाऱ्यावर, आणि देवापुढचं गाऱ्हाणं. हा अर्धा र म्हणजे रफार नव्हे. रफार दिला की दऱ्यांचा दर्या होतो. जुन्या श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये त्याचं नुसतं चित्र होतं, फॉन्ट नसला की सगळाच मजकूर अगम्य. युनिकोड आलं आणि तो त्रास संपला, पण या एका अक्षराला दोन वाटा मिळाल्या. एक वाट: र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा सांधा, झीरो विड्थ जॉइनर. दुसरी वाट: खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. पडद्यावर, कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. मशीनच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द.

आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी पंचक्रोशीतली गाऱ्हाणी गोळा करून लिहिली आहेत, काही फोनवर, काही कंप्यूटरवर. सूचीसाठी वर्डमध्ये ‘गाऱ्हाणं’ शोधलं तर निम्मीच पानं सापडली. गुरुजींना वाटलं, उरलेली पानं पुसली गेली. पानं जागच्या जागी होती, फोनवर लिहिलेल्या प्रत्येक गाऱ्हाण्यात तो सांधा होता, एवढंच.

माझं ठाम मत असं की ऱ हाच मार्ग धरावा. विरोध करणारे सांगतात, हा नुक्त्याचा ऱ तमिळसारख्या भाषांतला र नागरीत दाखवण्यासाठी ठेवलाय, मराठीने तो का घ्यावा? मुद्दा मला मान्य आहे. पण न दिसणारा सांधा ऑनलाइन फॉर्म भरताना, डेटाबेसमध्ये चढवताना ‘कचरा’ म्हणून सर्रास काढून टाकला जातो, आणि मग ‘गाऱ्हाणं’चं ‘गार्हाणं’ होतं. ऱ सहसा कुणी काढून टाकत नाही. युनिकोडचे नियम दोन्ही वाटा मान्य करतात, म्हणून नुसतं प्रमाण पाळूनही हा प्रश्न सुटत नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. अक्षर दिसावं कसं यावर जेवढी चर्चा होते तेवढी ते साठावं कसं यावर व्हायला हवी, आणि जे ठरेल ते तालुक्याच्या टायपिस्टपर्यंत पोचायला हवं. मतदारयाद्या, शाळेचे दाखले, बँकेतली नावं एकमेकांशी जुळवण्याचं काम आता मशीन करतं. त्यात एखाद्या कऱ्हाडकरांचं नाव जुळलं नाही तर त्यांना चूक दिसणारसुद्धा नाही. दोन्ही कागद समोर ठेवले तरी नाव सारखंच दिसेल.

गुरुजींची फाइल मी छोटा मॅक्रो लिहून एकसारखी केली आणि सूची पुरी झाली. त्यांच्या फोनवरचा कीबोर्ड मात्र मी बदलला नाही. त्यांना त्याची सवय आहे आणि त्या सवयीवरच त्यांचं लिहिणं चालू आहे. नवी पानं आली की मॅक्रो पुन्हा चालवायचा, असं आमचं ठरलं आहे.