आजीचं रेक्झिनचं कुशन

रेक्झिन म्हटलं की काय आठवतं? रिक्षाची सीट, जुना दिवाण, उन्हात तापलेल्या स्कूटरवर बसताना बसलेला चटका... "सोफ्याला रेक्झिन नको, चीप दिसतं" हेही घरोघरी ऐकलेलं.

मुळात रेक्झिन हे एका ब्रिटिश कंपनीचं ब्रँडनेम. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात कारखाना होता. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवून तिथे नकली चामडं बनायचं. डालडासारखंच ते नावही पुढे सगळ्यांचं झालं. आज दुकानात रेक्झिन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसीचा थर दिलेलं कापड असतं. पीव्हीसी म्हणजे आपल्या नळाच्या पाइपचंच प्लॅस्टिक. ते मऊ करायची युक्ती वॉल्डो सेमन नावाच्या अमेरिकन केमिस्टला १९२६ साली सापडली. असो, ज्ञानामृत पुरे :-)

मुद्दा आजीचा आहे. तिला विचारूनच लिहितोय. "लिही की, म्हातारपण काय फक्त मलाच आलंय?" असं म्हणाली.

आजी ८४ वर्षांची. यंदा उन्हाळ्यात तिने हॉलमधली आपली खुर्ची सोडली आणि आतल्या खोलीत बसायला लागली. पंख्याचं वारं सोसत नाही म्हणे. खरं कारण आईने ओळखलं. खोकला किंवा शिंक आली की आजीला लघवी आवरत नाही, आणि एकदा पाहुण्यांसमोर कुशन ओलं झालं होतं. आमच्या घरात क्रिकेटपासून कोथिंबिरीच्या भावापर्यंत सगळ्यावर वाद होतात, पण या विषयावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलेले व्यायाम सुरू झाले. पण खुर्चीचं काय?

तयार वॉटरप्रूफ कुशन मिळतात, पण आम्ही बघितलेली सगळी दवाखान्यातली वाटत होती. आजीची अट एकच: "अरे, तो हॉस्पिटलचा निळा रंग तेवढा आणू नकोस." मग विटकरी रंगाचं रेक्झिन आणलं, आईचं पायाचं मशीन पुसून तेल घातलं आणि गल्लीतल्या सीट कव्हरवाल्या काकांना गाठलं.

"हे बघा साहेब," काका म्हणाले, "कापडाला टाचणी चालते, ह्याला नाही. भोक पडलं की पडलं."

दिवसभर कंट्रोल-झेडच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला हे ऐकून जरा धडकीच भरते! म्हणून टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. टाके मोठे ठेवायचे, इंचाला सहा-सात. बारीक टाके घातले तर शिवण पोस्टाच्या तिकिटांसारखी फाटते. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओलीने कुजतो. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटतो, म्हणून मध्ये बटर पेपरची पट्टी धरायची आणि शिवून झाल्यावर फाडून टाकायची. इस्त्री अजिबात नाही.

पण आमच्यासाठी मुख्य गोष्ट वेगळीच होती. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत शिरायची वाट. नेहमीच्या कुशनला वरच्या कडेने चारही बाजूंना शिवण असते, म्हणजे नेमकी नको तिथे. म्हणून वरचा भाग आणि चारही बाजू एकाच अखंड तुकड्यातून काढल्या. फोम १८ बाय १८, जाडी ३ इंच. कव्हर घट्ट बसावं म्हणून अर्धा इंच कमी धरून २४.५ इंचांचा चौरस कापला, चारही कोपऱ्यांतून ३ इंचांचे चौकोन काढले आणि खोक्याच्या झाकणासारखे कोपरे शिवले. बसायच्या जागेवर एकही भोक नाही. तळाला जाड मांजरपाट आणि त्यातच चेन. कापडातून हवा बाहेर जाते, त्यामुळे बसल्यावर कुशन फुस्स करत नाही. (हा आवाज आजीच्या बाबतीत किती महत्त्वाचा होता ते वेगळं सांगायला नको.)

रेक्झिनवर घाम येतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक त्वचेला ओल वाईट. म्हणून वर आजीच्याच जुन्या सुती लुगड्याची खोळ घातली. अशा चार खोळी आहेत. ओली झाली की बदलायची, खालचं रेक्झिन साबणाच्या पाण्याने पुसायचं. दोन मिनिटांचं काम, आजी स्वतःच करते. मला वाटतं, तिच्या दृष्टीने खरी सोय हीच. कोणाला हाक मारावी लागत नाही.

आता संध्याकाळी ती हॉलमध्ये असते. रिमोट परत तिच्या ताब्यात गेल्यामुळे बाबांचं क्रिकेट बंद!

रेक्झिन काही जन्मभराचं नाही. आतला प्लॅस्टिसायझर हळूहळू निघून जातो, मग ते कडक होतं आणि तडकतं. रेक्झिनचा पन्हा ५४ इंची, म्हणजे एका रुंदीत दोन कुशनचे वरचे तुकडे बसतात. दुसरा तुकडाही कापून ठेवलाय. घडी घालून नाही, गुंडाळून. घडीची खूणही सहज जात नाही.