दस्त्याचा तडा

बंदूक बाळगणाऱ्याला नळीचं कौतुक, दस्त्याचं नाही. नळीत गंजाचा ठिपका दिसला तर रात्रीची झोप उडते, दस्त्यावर केसाएवढी रेघ उमटली तर म्हणतात, "लाकूडच ते, चालायचंच." नांदेड-लातूर पट्ट्यातून माझ्याकडे येणारं काम ठरलेलं. बँकेच्या दारावर उभ्या राहणाऱ्या माजी सैनिकांच्या बारा बोअरच्या दुनळ्या, रानडुकरं नि रोही पिकात शिरतात म्हणून परवाना काढलेल्या शेतकऱ्यांच्या बंदुका, आणि अधूनमधून इशापूरची ३१५ची रायफल.

तडा बहुतेक एकाच ठिकाणी पडतो. नळीमागच्या लोखंडाला एक शेपटी असते, ती दस्त्याच्या मुठीत उतरवलेली असते, आणि मूठ म्हणजे दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग. बार उडाला की लोखंड मागे रेटतं. तो रेटा दोन्ही बाजूंच्या खांद्यांनी सारखा झेलायचा असतो. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लाकूड आकसतं, फुगतं, खांदे दबतात, आणि शेपटीचं टोक थेट लाकडाला भिडतं. मग प्रत्येक बाराला ती पाचरीचं काम करते. नुसता तडा भरून दिला तर गिऱ्हाईक पुढच्या हंगामात हटकून परत येतं. धंद्यातली ही सगळ्यात सोपी कमाई. मला ती नको.

लाकूड फाटण्याचा हा त्रास इशापूरच्या कारखान्याला चांगला ठाऊक होता. तिथल्या जुन्या ३०३ रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू घातलेला पुष्कळदा दिसतो. विलायती ३०३ला तो सहसा नसतो. जगभरचे शौकीन त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात.

दुसरा गुन्हेगार तेल. शस्त्र लखलखीत ठेवायची आपल्याकडे हौस दांडगी, आणि नांदेडला तर ती परंपराच आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं, तेव्हा तिथली जुनी शस्त्रं काढून उजळतात. घरोघरी दसऱ्याला बंदुकीलाही झेंडूचं फूल मिळतं. पूजेआधी मालक तेलाची बाटली उपडी करतो आणि बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी करतो. ते तेल वर्षभर झिरपत मुठीत उतरतं. लाकूड काळं पडतं, भुसभुशीत होतं, नख दाबलं तर खूण राहते.

तेलकट लाकडाला कुठलाच डिंक धरत नाही. म्हणून खडूची पूड थिनरमध्ये कालवून मुठीवर थापायची आणि दस्ता उन्हात ठेवायचा. वैशाखातलं इथलं बेचाळीस अंशांचं ऊन फुकटात कामाला येतं. पूड पिवळी पडली की झटकायची, नवी थापायची. पांढरी ती पांढरीच राहीपर्यंत. मग तडा कुठवर गेलाय ते पाहायचं. थिनरचा बोळा फिरवला की वरचं लाकूड क्षणात सुकतं, तड्यातली ओल मागे राहते, आणि बोटभर वाटलेली रेघ दोन बोटं निघते. पातळ पात्यानं ती किंचित उघडायची, कोमट केलेलं अ‍ॅराल्डाइट दोऱ्यानं आत ओढायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं मूठ आवळायची. शिकंजा दोनच ठिकाणी दाबतो. ट्यूब सगळीकडून सारखी धरते.

खरं काम यानंतरचं. लोखंडाला समईची काजळी लावायची, ते लाकडात बसवायचं, परत काढायचं. काळं उमटलं तिथे टेकतंय. खांद्यांवर दोन्हीकडे सारखं काळं हवं, शेपटीच्या टोकामागे अजिबात नको. तिथलं लाकूड पटाशीनं जाड कागदाएवढं सोलायचं, पुन्हा काजळी, पुन्हा बघायचं. ती बारीक फट पाहून गिऱ्हाईक कुरकुरतं, "मिस्त्री, फिटिंग सैल झालं की हो." मी पैसे घेतो ते त्या फटीचेच.

वरून जवसाचं तेल. रब्बीची रानं हरभऱ्यानं घेतली, जवस आता चटणीपुरतं उरलंय, तरी लातूरकडच्या घाण्यावर मिळून जातं. तळहातानं चोळून पुसट थर द्यायचा, तो वाळला की दुसरा. जाड थर चिकट राहतो. आणि हे तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एवढं करून रेघ थोडी दिसतेच. बूट पॉलिशनं ती झाकणारे आहेत. मी झाकत नाही. पुढच्या वर्षी ती वाढली का, ते कळायला हवं.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. परत घेताना तुम्ही नंबर बघता, नळी बघता. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मूठही अंगठ्यानं दाबून पाहा. रेघ दिसली तर खिळा ठोकू नका, फेविकॉल भरू नका. गावच्या सुताराकडेही नेऊ नका, १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. आणि काम होईस्तोवर त्या बंदुकीतून एकही बार काढू नका.